ग्रीकमधलं ‘वाचणं’: अनागिग्नोस्को हे क्रियापद वाक्यांतून कसं शिकायचं

प्राचीन ग्रीक शिकायला घेतलं की आधी लूओ (म्हणजे ‘मी सोडतो’) ह्या क्रियापदाचा तक्ता पाठ करावा लागतो, तो झाला की वाटतं चला क्रियापदं जमली, आणि मग समोर येतं अनागिग्नोस्को. अर्थ अगदी साधा, ‘मी वाचतो’. पण खऱ्या मजकुरात हा शब्द ह्या रूपात फारसा भेटतच नाही. भेटतं अनेग्नो, नाहीतर अनाग्नूस, नाहीतर अनाग्नोथि, आणि डिक्शनरीत अनेग्नो शोधायला गेलं तर तिथे काहीच नाही. शब्दाचा अर्धा भाग गायब, मधेच ‘ए’ कुठून घुसला कळत नाही, आणि शेवटी ‘थि’ काय करतोय देव जाणे.

तर हा लेख तिथे अडकलेल्यांसाठी. अक्षरं ओळखता येतात आणि वर्तमानकाळाचे प्रत्यय माहितीयत एवढं मी धरून चालते. माझं मत आधीच सांगून टाकते, हे क्रियापद तक्त्यातून पाठ करायच्या भानगडीत पडू नका. ह्याची रूपं ठराविक ठिकाणीच सापडतात, एक कोर्टात, दुसरं पत्र आल्यावर, तिसरं सभेत मोठ्याने वाचताना. ते रूप जिथे खरोखर आलंय ते एक वाक्य पाठ केलंत की रूप बसलं. आणि दहावीपर्यंत संस्कृत घेतलं असेल तर अर्धं काम शाळेतल्या बाईंनी आधीच करून ठेवलंय, ते कसं ते पुढे बघू.

सुरू करण्याआधी उच्चाराचं

मी इथे सगळं देवनागरीत लिहितेय, पण ग्रीकमध्ये ओ दोन असतात, ओमिक्रॉन ऱ्हस्व आणि ओमेगा दीर्घ. आपल्याकडे दोन्हींना एकच मात्रा. ह्या क्रियापदातला ‘ग्नो’ जवळजवळ सगळीकडे दीर्घ, ओमेगावाला, एवढं डोक्यात ठेवा. सुरुवातीच्या ‘अना’मधले दोन्ही अ मात्र ऱ्हस्वच आहेत, दुसऱ्यावर काना दिलाय तो नाइलाजाने.

एक फायदा आपल्याला फुकट मिळतो. जुन्या अथेन्समध्ये थीटा, फी आणि खी ही अक्षरं आपल्या थ, फ, ख सारखी महाप्राण होती. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना त्यासाठी तोंड वाकडं करावं लागतं, आपण ते बालवाडीपासून म्हणतोय. आजच्या ग्रीसमधले उच्चार वेगळे आहेत. कुठलीही एक पद्धत धरा आणि तीच ठेवा.

पायरी १: शब्द तोडा

अना + गि + ग्नो + स्क + ओ.

धातू आहे फक्त ‘ग्नो’, म्हणजे जाणणं. हा आपल्या ‘ज्ञा’चा सख्खा भाऊ, ज्ञान, प्रज्ञा, जाणणे हे सगळं ज्या मुळातून आलं त्याच मुळातून हा आलाय. डॉक्टर लोक ज्याला डायग्नोसिस आणि प्रोग्नोसिस म्हणतात त्यातही हाच ग्नो बसलाय.

‘गि’ म्हणजे धातूच्या पहिल्या अक्षराची पुनरावृत्ती. संस्कृतात स्थाचं तिष्ठति होतं, दाचं ददाति होतं, तोच प्रकार. त्याला संस्कृत व्याकरणात अभ्यास म्हणतात हे आठवत असेल, नसेल आठवत तरी अडत नाही.

‘स्क’ हा वर्तमानकाळी अंगाला चिकटणारा तुकडा. गम् धातूचं गच्छति होताना जो ‘च्छ’ येतो ना, तो आणि हा ‘स्क’ मुळात एकच. शेवटचा ‘ओ’ म्हणजे ‘मी’.

आता महत्त्वाचं. गि आणि स्क हे दोन्ही बांधकामाला लावलेल्या परांचीसारखे आहेत, वर्तमान आणि अपूर्ण भूतकाळ सोडला की दोन्ही काढून टाकतात आणि आत उरतो नुसता ग्नो. म्हणून वाचताना डोळ्यांनी अनागिग्नोस्को शोधू नका, ‘अन... ग्नो’ एवढंच शोधा. नव्या माणसाचा गोंधळ होतो तो नेमका इथे, कारण डिक्शनरी परांचीसकट फोटो दाखवते आणि मजकुरात परांची काढलेली असते.

स्पेलिंगचं पण इथेच उरकून घेऊ. अथेन्सच्या अभिजात लेखकांमध्ये गिग्नोस्को, दोन ग वाला. आयोनियन बोलीत आणि नंतरच्या सगळ्या ग्रीकमध्ये, म्हणजे नव्या करारातसुद्धा, दुसरा ग गळतो आणि गिनोस्को होतं. म्हणून प्लेटो वाचताना अनागिग्नोस्को आणि बायबल वाचताना अनागिनोस्को. शब्द एकच, प्रिंटिंग मिस्टेक नाही.

पायरी २: उपसर्ग काय करतो ते बघा, इथे घाई नको

शाळेत एक श्लोक पाठ करून घेतात, ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते’, उपसर्ग धातूचा अर्थ जबरदस्तीने भलतीकडेच घेऊन जातो, आणि मग प्रहार, आहार, संहार अशी उदाहरणं. ग्रीकला हे शब्दशः लागू आहे. नुसतं गिग्नोस्को म्हणजे जाणणं. काता लावला की दोषी ठरवणं, सुन (जो इथे सुङ होतो) लावला की क्षमा करणं, दिया लावला की वेगळं ओळखणं, म्हणजे तेच डायग्नोसिस. आणि अना लावला की... इथे तीन उत्तरं आहेत आणि ती कुठला लेखक वाचताय त्यावर ठरतात.

होमरमध्ये अनागिग्नोस्को म्हणजे ओळखणं. वाचण्याचा संबंधच नाही. ओडिसीच्या चौथ्या सर्गात हेलेन सांगते, की ओडिस्यूस भिकाऱ्याचा वेष घेऊन ट्रॉयमध्ये शिरला, सगळे फसले, मी एकटीने त्याला अनेग्नोन, ओळखलं. तेविसाव्या सर्गात पेनेलोपीला तो पलंगाची गुपित खूण सांगतो (जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हच्या झाडाचाच खांब करून बनवलेला पलंग, त्यामुळे तो हलवताच येत नाही) आणि तिला खूण पटते, तिथेही हेच क्रियापद. आपल्याकडे शकुंतलेच्या अंगठीला अभिज्ञान म्हणतात, त्यातही उपसर्ग अधिक ज्ञा. म्हणजे दोन्ही भाषांनी ‘जाणणे’ला पुढे एक तुकडा जोडून ‘खूण पटून ओळखणे’ तयार केलं, फक्त उपसर्ग वेगळा घेतला.

इतिहासकार हेरोडोटसकडे गेलात की तिसराच अर्थ, मन वळवणं. सायरस राजा हरलेल्या क्रीससला विचारतो, माझ्या राज्यावर चाल करून मित्राऐवजी शत्रू व्हायला तुला कुणी अनेग्नोसे? इथे ‘कुणी वाचलं’ असं भाषांतर केलंत तर वाक्याची वाट लागते. मग हेरोडोटस ‘वाचणे’ला काय म्हणतो? एपिलेगोमाइ. हार्पागस नावाच्या सरदाराने सशाचं पोट फाडून आत पत्र घातलं, पुन्हा शिवलं, आणि शिकाऱ्याचा वेष दिलेल्या नोकराबरोबर तो ससा सायरसला पाठवला, अशी त्याची एक भन्नाट गोष्ट आहे, त्यात सायरस ते पत्र काढून वाचतो तेव्हा हा शब्द येतो, एपेलेगेतो.

आणि अथेन्समध्ये, इसवीसनपूर्व पाचव्या शतकात, अनागिग्नोस्को म्हणजे सरळ ‘वाचणे’, बहुतेक वेळा मोठ्याने, कुणालातरी ऐकवायला. ओळखणं ते वाचणं हा प्रवास फार अवघड नाही, कारण तेव्हाचं लिखाण सलग असायचं, शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं जवळपास नाहीत. ग्रीकची एखादी जुनी गुंडाळी नुसती फोटोत बघा, आधी शब्द कुठे संपतो ते ओळखावं लागतं आणि मगच वाचता येतं.

मजा म्हणजे आपल्या ‘वाचणे’ची वाट निराळी. ते वाच् म्हणजे वाणी ह्यावरून आलं, मजकुराला बोलायला लावणं. तो प्रकार ग्रीकांनाही ठाऊक होता. प्लेटोच्या थिआयटेटस संवादात नोकराला सांगतात, पोरा, ते पुस्तक घे आणि लेगे, म्हणजे बोल. तेव्हा पुस्तकाशेजारी लेगे दिसलं तर ‘वाच’ असंच समजा.

वाक्यरचनेत जे वाचलं ते द्वितीयेत येतं, ज्याला वाचून दाखवलं तो चतुर्थीत. पत्र कुणाला वाचून दाखवलं ते चतुर्थी नीट धरली तरच कळतं.

पायरी ३: वर्तमान आणि अपूर्ण भूत

वर्तमानकाळ सोपा, लूओसारखाच. अनागिग्नोस्को, अनागिग्नोस्केइस, अनागिग्नोस्केइ, अनागिग्नोस्कोमेन, अनागिग्नोस्केते, अनागिग्नोस्कूसि. ह्यासाठी वाक्य एकच पुरे. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात इथियोपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत चाललाय, फिलिप्प धावत रथाजवळ जातो, त्याला वाचताना ऐकतो (ऐकतो! म्हणजे एकटा असूनही माणूस मोठ्याने वाचत होता) आणि विचारतो, आरा गे गिनोस्केइस हा अनागिनोस्केइस? जे वाचतोयस ते समजतंय का? धातू एकच, एकदा उपसर्गाशिवाय आणि एकदा उपसर्गासकट, त्यामुळे ग्रीकमध्ये हा प्रश्न कानाला खटकन लागतो. मराठीत तो खेळ येत नाही, इलाज नाही.

अपूर्ण भूतकाळ म्हणजे ‘वाचत होतो’. इथे येतो तो घुसखोर ‘ए’. भूतकाळ दाखवायला ग्रीक क्रियापदाच्या आधी ए लावतात, आणि उपसर्ग असेल तर तो ए उपसर्गाच्या नंतर, धातूच्या लगेच आधी बसतो. अना + ए + गिग्नोस्कोन, त्यात अनाचा शेवटचा आ लोपतो, झालं अनेगिग्नोस्कोन. संस्कृतवाल्यांनो, गच्छतिचं अगच्छत् आणि संगच्छतेचं समगच्छत, आठवलं? तो अ आणि हा ए एकच, जागासुद्धा तीच. ह्यावर फार वेळ घालवू नका, एकदा समगच्छत आठवलं की विषय संपला.

रूपं अशी: अनेगिग्नोस्कोन, अनेगिग्नोस्केस, अनेगिग्नोस्के, अनेगिग्नोस्कोमेन, अनेगिग्नोस्केते, अनेगिग्नोस्कोन. पहिलं आणि शेवटचं सारखंच आहे, ‘मी वाचत होतो’ आणि ‘ते वाचत होते’. कुठलं ते आजूबाजूचे शब्द सांगतात.

पाठ करायचं वाक्य प्लेटोच्या फायदोनमधलं. सॉक्रेटिस तुरुंगात, शेवटच्या दिवशी, तरुणपणची गोष्ट सांगतोय, की कुणीतरी अनाक्सागोरास ह्या तत्त्वज्ञाच्या पुस्तकातून वाचत होता ते मी ऐकलं, सगळ्याला बुद्धी कारण आहे असं त्यात होतं, मला फार आवडलं, मग मी ‘लाबोन तास बिब्लूस’, पुस्तकं घेऊन, ‘होस ताखिस्ता’, जमेल तितक्या घाईने, अनेगिग्नोस्कोन. लाबोन एकवचनी आहे म्हणून इथे ‘मी’. आणि अपूर्ण भूत का वापरलाय बघा, तो वाचून संपवलं असं म्हणत नाहीये, वाचत सुटलो म्हणतोय, आणि पुढे जाता जाता त्याची निराशा होते कारण अनाक्सागोरास बुद्धी बाजूला ठेवून हवा, पाणी असलीच कारणं देत बसतो. काळ नीट पकडला तर ही निराशा आधीच चाहूल देते.

पायरी ४: ऑरिस्ट, म्हणजे खरी लढाई

ऑरिस्ट म्हणजे झालेली, पूर्ण क्रिया, ‘वाचलं’. लूओमध्ये तिथे ‘सा’ येतो, एलूसा. ह्याच्यात सा वगैरे काही येत नाही. ए + नुसता धातू + प्रत्यय.

अनेग्नोन (मी), अनेग्नोस (तू), अनेग्नो (तो, ती), अनेग्नोमेन, अनेग्नोते, अनेग्नोसान.

ह्याला धातू-ऑरिस्ट म्हणतात. संस्कृतात लुङ् (एक प्रकारचा भूतकाळ) मध्ये अस्थात्, अगात् असली रूपं येतात ती ह्याच जातीची. आणि अस्थात् चा ग्रीक भाऊ एस्ते आपल्याला एका सुंदर जोडीत भेटतो. लूकच्या चौथ्या अध्यायात येशू नाझरेथच्या सभास्थानात जातो आणि, अनेस्ते अनाग्नोनाइ, वाचायला उभा राहिला. अनेस्ते म्हणजे अना + ए + स्ते, तोच उपसर्ग, तोच ए, नुसता धातू. अनाग्नोनाइ हे त्याच ऑरिस्टचं ‘वाचायला’ रूप, त्यात ए नाही, कारण ए फक्त भूतकाळ सांगणाऱ्या रूपात येतो. दोन शब्दांच्या ह्या तुकड्यात सगळा नियम आलाय, मी तर म्हणेन भिंतीवर लिहून लावा.

अनेग्नोतेसाठी मत्तयच्या बाराव्या अध्यायातला टोमणा घ्या, ऊक अनेग्नोते, ‘तुम्ही वाचलं नाहीत का’ दाविदाने काय केलं ते. समोर शास्त्र पाठ असलेले परूशी उभे, म्हणून टोमणा.

हेरोडोटसचा ‘मन वळवलं’ आठवतोय? त्याचा ऑरिस्ट अनेग्नोसा, सा वाला. म्हणजे वाचलं तर अनेग्नो, मन वळवलं तर अनेग्नोसे. फरक एका तुकड्याचा आहे पण तिथे डोळा ठेवा.

आता आज्ञार्थ. अनाग्नोथि, वाच! हे रूप अथेन्सच्या कोर्टात पावलोपावली सापडतं. तिथे वकील नसायचे, माणूस स्वतःची बाजू स्वतः मांडायचा, फार तर भाषण दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा, आणि कायदा किंवा साक्ष वाचायची वेळ आली की कारकुनाकडे वळून म्हणायचा, अनाग्नोथि मोइ तोन नोमोन, मला तो कायदा वाचून दाखव. भाषणाची वेळ पाण्याच्या घड्याळावर मोजायचे आणि खाजगी दाव्यांत कागद वाचले जात असताना पाणी थांबवायचे, नाहीतर बिचाऱ्याचा सगळा वेळ कारकुनाच्या वाचनातच गेला असता. डेमोस्थेनिसचं कुठलंही कोर्टातलं भाषण उघडा, मधेच भाषण थांबतं, मोठ्या अक्षरात ‘कायदा’ किंवा ‘साक्ष’ असं लिहिलेलं दिसतं, आणि त्याच्या आधीच्या ओळीत बघा, अनाग्नोथि नाहीतर लेगे नाहीतर लाबे, म्हणजे घे.

तो ‘थि’ गूढ वाटतो पण आपल्याला नाही वाटायला पाहिजे. गीतेत ‘तद्विद्धि प्रणिपातेन’ म्हणतो तेव्हा विद् + धि, जाण. ग्रीक थि आणि संस्कृत धि एकच प्रत्यय. डेल्फीच्या मंदिरावरचं प्रसिद्ध वचन ग्नोथि सेआउतोन, स्वतःला जाण, त्यात हाच धातू हाच प्रत्यय. त्याला पुढे अना लावा, झालं अनाग्नोथि.

पायरी ५: धातुसाधितं, ही सगळ्यात जास्त भेटतात

ग्रीक माणसाला धातुसाधितांचं भयंकर वेड. इंग्रजीतून शिकणारे इथे रडकुंडीला येतात, पण मराठीत ही रूपं आपण दिवसभर वापरतो, त्यामुळे इंग्रजी भाषांतर मधे आणूच नका, सरळ मराठीत उतरवा.

अनाग्नूस (स्त्रीलिंगी अनाग्नूसा, नपुंसकलिंगी अनाग्नोन) हे ऑरिस्टचं, म्हणजे आपलं ‘वाचून’. झेनोफोनच्या अनाबासिसच्या तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला त्याला प्रोक्सेनोस नावाच्या मित्राचं पत्र येतं, सायरसकडे ये, ओळख करून देतो. (हा सायरस धाकटा, सशाच्या पत्रवाला नव्हे.) पुढचं वाक्य, हो मेन्तोइ क्सेनोफोन अनाग्नूस तेन एपिस्तोलेन अनाकोइनूताइ सोक्रातेइ, झेनोफोनने पत्र वाचून सॉक्रेटिसचा सल्ला घेतला. ‘वाचून’ एका शब्दात. ह्याच ग्रंथाच्या पहिल्या भागात ओरोन्तास नावाचा इराणी सरदार फितुरीचं पत्र विश्वासू माणसाच्या हाती देतो, तो ते थेट सायरसच्या हातात नेऊन देतो, आणि सायरस अनाग्नूस त्याला पकडतो. म्हणजे एपिस्तोले, पत्र, हा शब्द दिसला की आसपास अनाग्नूस आहे का ते शोधायचं, बऱ्याचदा असतो.

अनागिग्नोस्कोन हे वर्तमानाचं, म्हणजे ‘वाचत’, ‘वाचता वाचता’. विभक्तीत त्याला न्त फुटतो, अनागिग्नोस्कोन्तोस, अनागिग्नोस्कोन्ति, जसा पठन् चा पठन्तम् होतो. अॅरिस्टोफेनिसच्या ‘बेडूक’ नाटकात (इसवीसनपूर्व ४०५) डायोनायसस देव सांगतो की जहाजावर युरिपिडीसचं आन्द्रोमेदा नाटक अनागिग्नोस्कोन्ति मोइ प्रोस एमाउतोन, स्वतःशी वाचत असताना मला, अचानक काळजात कळ आली, युरिपिडीसची आठवण येऊन. अनागिग्नोस्कोन्ति चतुर्थीत का, तर मोइ चतुर्थीत आहे म्हणून. प्रोस एमाउतोन, ‘स्वतःशी’, हे मुद्दाम सांगावं लागतंय ह्याकडेही लक्ष द्या.

आणि आधी हो हे उपपद लागलं की तेच होतं ‘वाचणारा’. मार्कच्या तेराव्या अध्यायात मधेच कंसात टाकल्यासारखं येतं, हो अनागिनोस्कोन नोएइतो, वाचणाऱ्याने समजून घ्यावं. प्रकटीकरणाच्या सुरुवातीला धन्य कोण ते सांगताना हो अनागिनोस्कोन एकवचनी आहे आणि ऐकणारे, होइ आकूओन्तेस, अनेकवचनी. एक वाचतो, बाकीचे ऐकतात, पहिल्या शतकातली अख्खी सभा त्या दोन प्रत्ययांत दिसते. व्याकरण शिकताना असं काही हाती लागलं की मला तरी फार बरं वाटतं.

पायरी ६: कर्मणी, भविष्य आणि बाकीचं

इथे भराभर जाऊ. भविष्यकाळ अनाग्नोसोमाइ, प्रत्यय माइवाला पण अर्थ कर्तरीच, ‘मी वाचेन’. पूर्ण काळ अनेग्नोका, ‘वाचलेलं आहे’. कर्मणी ऑरिस्ट अनेग्नोस्थेन, त्यात ग्नोनंतर एक जादा स येतो, त्याच्यावर शंका घेऊ नका, तो असाच आहे.

कर्मणीसाठी कलस्सैकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायातली सूचना घ्या, होतान अनाग्नोस्थे पार हुमिन हे एपिस्तोले, हे पत्र तुमच्याकडे वाचलं गेलं की, लावदिकीयाच्या मंडळीतही वाचलं जाईल असं बघा. पत्र असं गावोगाव फिरायचं. वर्तमान कर्मणी धातुसाधित अनागिनोस्कोमेनोस, स्त्रीलिंगी अनागिनोस्कोमेने. हा मेनोस म्हणजे आपल्या वर्तमान, विद्यमान, यजमान मधला ‘मान’. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल म्हणतो की तुम्हीच माझं पत्र आहात, गिनोस्कोमेने काइ अनागिनोस्कोमेने, सगळ्यांकडून जाणलं जाणारं आणि वाचलं जाणारं, म्हणजे फिलिप्पाच्या प्रश्नातलाच शब्दखेळ इथे पुन्हा.

पायरी ७: डिक्शनरीत कुठे बघायचं

ग अक्षराखाली नाही, अ अक्षराखाली. रूप हातात आलं की आधी अने- चं अना- करा, मग बघा. मोठी डिक्शनरी म्हणजे लिडेल आणि स्कॉटची, पहिली आवृत्ती १८४३ची, त्यात शब्द अनागिग्नोस्को असा दोन ग ने आहे, नव्या कराराच्या डिक्शनऱ्यांत एका ग ने. फुकटात हवं असेल तर शिकागो विद्यापीठाची लोगेइऑन साईट आहे, आणि टफ्ट्स विद्यापीठाचं पर्सियस, जिथे मजकुरातल्या शब्दावर क्लिक केलं की रूप ओळखून देतं. पण पर्सियसला विचारायच्या आधी स्वतः तोडून बघा, नाहीतर वर्षभर क्लिकच करत राहाल. आणि ते कधीकधी एका रूपाला चार पर्याय देतं, त्यातला कुठला ते तुम्हालाच ठरवायचंय.

एक सारखा दिसणारा शब्द आहे, अनाग्नोरिझो, म्हणजे ओळखणं. धातू तोच पण क्रियापद वेगळं, अॅरिस्टॉटलने नाटकातल्या ‘ओळख पटण्या’च्या प्रसंगाला अनाग्नोरिसिस म्हटलं ते ह्यावरून. ‘रि’ दिसला की वाचणं नाही, ओळखणं.

नामं दोनच लक्षात ठेवा, अनाग्नोसिस म्हणजे वाचन आणि अनाग्नोस्तेस म्हणजे वाचणारा. श्रीमंत घरांत अनाग्नोस्तेस हा बरेचदा गुलाम असायचा, मालकाला वाचून दाखवणारा. रोममध्येही हा ग्रीक शब्द तसाच उचलला होता, सिसेरोने आपला सोसिथेउस नावाचा तरुण वाचक वारल्याचं दुःख मित्राला पत्रात कळवलंय.

अथेन्सला फिरायला जाणाऱ्यांसाठी

तिथे आज कुणाला अनागिनोस्को म्हणू नका, हसतील. आजच्या ग्रीकमध्ये वाचणं म्हणजे दियावाझो, जुन्या दियाबिबाझो, म्हणजे ‘पलीकडे नेणे’, ह्यावरून आलेलं. अभ्यास करण्यालाही हाच शब्द. वाचलं म्हणजे दियावासा. दियावासे मात्र दोन कामं करतो, ‘त्याने वाचलं’ आणि ‘वाच’ दोन्ही. अभ्यास न करता वर्गात आलेला पोरगा आदियावास्तोस. जुनं क्रियापद बोलण्यातून गेलं तरी त्याची नामं टिकली, वाचनाला आजही अनाग्नोसी, वाचनालयातल्या वाचनकक्षाला अनाग्नोस्तिरियो म्हणतात.

सराव कुठून करायचा

सुरुवात प्रेषितांच्या कृत्यांपासून, आठवा अध्याय, २६ ते ४०. भाषा सोपी आहे आणि एवढ्याशा गोष्टीत हे क्रियापद चारदा येतं, दोन वेळा अपूर्ण भूत, एकदा षष्ठीतलं धातुसाधित (ऐकणे ह्या क्रियापदाला ज्याचं ऐकलं तो षष्ठीत लागतो म्हणून) आणि एकदा वर्तमान. नव्या करारात एकूण ३२ वेळा हे क्रियापद आहे, तेवढी सगळी वाक्यं वहीत उतरवून काढली तर रूपांचा प्रश्न जवळजवळ मिटतो. शेजारी मराठी भाषांतर ठेवा, त्यातलं एक तर पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून, स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून, मूळावरून केलेलं आहे. ‘वाचून’, ‘वाचत’, ‘वाचणारा’ ह्यातलं कुठलं मराठी रूप कुठल्या ग्रीक रूपासाठी आलंय ते पेन्सिलने खुणा करत बघा.

त्यानंतर अनाबासिसच्या तिसऱ्या भागाची पहिली दोन पानं, आणि त्यानंतर फायदोनमधला तो अनाक्सागोरासचा उतारा. फायदोनमधली वाक्यं लांबलचक आहेत, क्रियापद पार शेवटी सापडतं, तेव्हा आधी क्रियापद शोधा आणि मग मागे या. कोर्टातली भाषणं शेवटी ठेवा. तिथे अनाग्नोथि ओळखायला सोपं आहे पण त्याच्या आजूबाजूला जे काही चाललेलं असतं, म्हणजे वारसाहक्क, जहाजावरचं कर्ज, शेजाऱ्याने वळवलेलं पाणी, ते समजायला वेगळी डिक्शनरी लागते.